बावन्न वजा सत्तावीस

दुसरी-तिसरीच्या वर्गात फळ्यावर उभ्या मांडणीत ५२ वजा २७ लिहा. काही मुलं २५ हे उत्तर काढतील, काहींच्या पाट्या कोऱ्या राहतील आणि चार-पाच जण तरी मोठ्या खुशीत ३५ लिहून ‘बाई, माझं झालं’ म्हणून पाटी पुढे करतील.

हे पस्तीस आलं कुठून? एककाच्या घरात वर २ आहेत, खाली ७. दोनातून सात जात नाहीत. मग मूल उलट करतं, सातातून दोन काढून ५ लिहितं. दशकाच्या घरात पाचातून दोन गेले, राहिले ३. झाले पस्तीस. पण शेजारच्या पाटीवरचं पस्तीस वेगळ्या वाटेनं आलेलं असू शकतं. त्या मुलानं दशक सोडून बारातून सात बरोबर काढले, ५ लिहिले, पण पाचाचे चार झाले हे ते विसरलं आणि पाचातूनच दोन वजा केले. उत्तर तेच, चूक मात्र निराळी. दोघांना ६४ वजा २८ द्या. पहिलं मूल ४४ लिहील, दुसरं ४६.

जॉन सीली ब्राऊन आणि रिचर्ड बर्टन या अमेरिकी संशोधकांनी १९७८ मध्ये अशा चुकांची पद्धतशीर छाननी मांडली. मुलांच्या बऱ्याच चुका अंदाजपंचे नसतात, हे त्यांनी दाखवलं. मूल एखादा नियम इमानेइतबारे पाळत असतं, तो नियमच चुकीचा असतो. आपल्याकडे हा प्रश्न किती मोठा आहे? ‘असर’ या शालेय शिक्षणाच्या पाहणीत २०२२ मध्ये ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या साधारण चार मुलांपैकी एकालाच हातच्याची वजाबाकी येत होती.

आता या पस्तीसचं बाईंनी करायचं काय? लाल फुली मारायची? पुन्हा समजावायचं? मणी हातात द्यायचे? काही न बोलता ‘तू हे कसं केलंस’ एवढंच विचारायचं? शिक्षणाच्या तत्त्वज्ञानांची नावं डी.एड.-बी.एड.च्या नोट्समध्ये भारदस्त दिसतात, वर्तनवाद, कार्यवाद, ज्ञानरचनावाद वगैरे. परीक्षा झाली की ती विसरलीही जातात. पण यातलं प्रत्येक तत्त्वज्ञान एका साध्या प्रश्नाला उत्तर देत असतं: मूल चुकलं म्हणजे नेमकं काय झालं? उत्तर बदललं की वर्गाची बैठक बदलते, शिक्षकाची जागा बदलते, शाळेची फीसुद्धा बदलते.

फळा, टाचण आणि बक्षीस

महाराष्ट्रातल्या शिक्षकांच्या किती पिढ्यांनी ‘हर्बार्टची पंचपदी’ घोकली असेल याची गणती नाही. पूर्वतयारी, विषयनिवेदन, तुलना, सामान्यीकरण, उपयोजन. पाठाचं टाचण या पाच पायऱ्यांत बसवायचं आणि निरीक्षकापुढे ठेवायचं. योहान हर्बार्ट हा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचा जर्मन तत्त्वज्ञ. त्यानं स्वतः चारच पायऱ्या सांगितल्या होत्या, पाच केल्या त्या त्याच्या अनुयायांनी. त्याचं म्हणणं असं, की नवं ज्ञान कोऱ्या जागी चिकटत नाही, जुन्या ज्ञानाला चिकटतं. तेव्हा शिकवण्याआधी योग्य ते जुनं ज्ञान जागं करणं हे शिक्षकाचं पहिलं काम. या दृष्टीनं पस्तीस म्हणजे मधली कडी निखळलेली आहे. ५२ म्हणजे पाच दशक आणि दोन सुटे, हे पक्कं नसताना बाई हातच्यावर गेल्या. उपाय म्हणजे मागे जाणं आणि तिथून पुन्हा पायरी-पायरीनं वर येणं.

विचार उत्तम होता. आपल्यापर्यंत पोचला तो मुख्यतः टाचणाचा नमुना.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर याला मुलाच्या डोक्यात काय चाललंय यात रस नव्हता. दिसतं ते वर्तन, मोजता येतं तेही वर्तनच. म्हणून या विचाराला वर्तनवाद म्हणतात. ज्या कृतीनंतर लगेच चांगलं काही घडतं ती कृती पुन्हा होते, ज्या कृतीनंतर काहीच घडत नाही ती विरते. १९५३ मध्ये स्किनर आपल्या मुलीच्या गणिताच्या तासाला जाऊन बसला आणि अस्वस्थ होऊन परतला. मुलं उदाहरणं सोडवत होती, पण आपलं बरोबर की चूक हे त्यांना लगेच कळतच नव्हतं. मग त्यानं शिकवण्याचं यंत्र बनवलं. एक छोटा प्रश्न, उत्तर, बरोबर की चूक ते तिथल्या तिथे, मग त्याहून जरासा अवघड प्रश्न. आज मोबाइलवरची गणिताची ॲप हेच करतात, फक्त त्यात तारे आणि फुगे उडतात.

स्किनरच्या लेखी पस्तीस म्हणजे चुकीची सवय लागली आहे, आणि ती लागली कारण पायरी फार मोठी होती व उत्तर फार उशिरा कळलं. यावर नाक मुरडण्याची फॅशन आहे. पण वह्यांचा गठ्ठा तपासून चार दिवसांनी परत देणाऱ्या आपल्या शाळांनी त्याच्याकडून एवढं तरी घ्यायला हवं होतं. तोपर्यंत मुलानं तोच चुकीचा नियम चाळीस वेळा गिरवलेला असतो. वर्तनवादाची खरी अडचण वेगळी आहे. पस्तीस दोन वाटांनी येतं हे त्याला दिसतं ते फक्त पुढचं उदाहरण चुकल्यावर, आणि तेही पुढचं उदाहरण नीट निवडलं असेल तर. मुलाला विचारणं त्याच्या चौकटीत बसत नाही.

जुन्या पंतोजींच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी म्हणून घेत असत. त्याला घोकंपट्टी म्हणून हिणवणं सोपं आहे. पण बारातून सात गेले पाच, हे ज्या मुलाला बोटं मोजून काढावं लागतं त्याचं काय होतं पाहा. बोटं मोजताना त्याला ‘पाचाचे चार झाले’ हेही धरून ठेवायचं असतं. मनाच्या पुढच्या खोलीत एका वेळी तीन-चार गोष्टीच मावतात. बोटं संपेपर्यंत चार निसटतात, परत पाच होतात. दुसऱ्या वाटेचं पस्तीस बहुधा इथून जन्मतं. ज्याला बारा वजा सात चटकन आठवतं त्याच्याकडे बाकीच्या कामासाठी जागा उरते. पाठांतर समजेच्या आड येतं हे अर्धसत्य आहे.

मणी आणि शिंपले

मारिया मॉन्टेसरी ही डॉक्टर. मंदबुद्धी म्हणून बाजूला टाकलेल्या मुलांसाठी तिनं आधी साधनं वापरली. मग ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत ‘बालकांचं घर’ उघडलं. तिच्या वर्गात वजाबाकी अशी होते: सुट्या मण्यांना एकक म्हणायचं, दहा मणी तारेत ओवले की दशकाची कांडी, दहा कांड्यांची शंभराची चौकोनी पाटी, दहा पाट्यांचा हजाराचा ठोकळा. मुलापुढे पाच कांड्या आणि दोन मणी. त्यातून सत्तावीस द्यायचे. सात मणी मागितले तर दोनच आहेत. आता ‘सातातून दोन काढू’ ही पळवाट उरतच नाही, कारण ते सात मणी तिथं नाहीतच! मूल उठतं, एक कांडी ‘बँके’त देतं, दहा सुटे आणतं. कांड्या चारच राहिल्या हे विसरण्याचा प्रश्न येत नाही, त्या डोळ्यांपुढे असतात. पस्तीसच्या दोन्ही वाटा साधनानंच बंद केल्या.

मॉन्टेसरीची कल्पना नेमकी हीच. चूक शिक्षकानं दाखवायची नाही, साधनानं दाखवायची. म्हणून तिच्या वर्गात बाई बहुतेक वेळ गप्प असतात आणि बघत असतात. मूल चुकलं म्हणजे त्याच्या हातांना पुरेसं काम मिळालेलं नाही, किंवा अजून त्याची वेळ आलेली नाही, असं हे तत्त्वज्ञान मानतं.

हा विचार मराठी मुलखात आला तो भावनगरहून. गिजुभाई बधेकांनी तिथं १९२० मध्ये दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केलं, पुढे ताराबाई मोडक त्यांना जाऊन मिळाल्या, आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. खुद्द मॉन्टेसरीबाई १९३९ मध्ये मद्रासच्या अड्यारला आल्या. दुसरं महायुद्ध भडकलं आणि इटालियन नागरिक म्हणून त्यांच्यावर इथं निर्बंध आले. त्यांच्या भारतातल्या दीर्घ मुक्कामात पुष्कळ शिक्षक तयार झाले. पण साधनं महाग होती, आणि आजही आहेत. शहरात ‘मॉन्टेसरी’ ही फीची एक पातळी बनली. (दारावर पाटी लावायला कुणाची परवानगी लागत नाही. पाटी आहे, साधनं कपाटात कुलूपबंद आहेत आणि मुलं अ अननसाचा गिरवताहेत, असं चित्र दुर्मीळ नाही.)

ताराबाईंनी उलटी वाट धरली. १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या, ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, जो भाग आता पालघर जिल्ह्यात आहे. सोबत अनुताई वाघ होत्या. काचेच्या मण्यांऐवजी शंख-शिंपले, चिंचोके, गोटे, पानं, बांबूचे तुकडे आले. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर वारली पाड्यांमध्ये गेलं. या कामात लक्षात आलं, की मुलं शाळेत येतच नाहीत, कारण ती धाकट्या भावंडांना सांभाळतात किंवा गुरं चारतात. मग शाळा मुलाच्या अंगणात गेली, तिची अंगणवाडी झाली. गुरांमागे कुरणात गेली, तिची कुरणशाळा झाली. १९७५ मध्ये केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली तेव्हा अंगणवाडी हे नाव देशभर गेलं. त्यातला आहाराचा भाग पक्का रुजला. शिकण्याचा भाग, ज्यासाठी ताराबाईंनी हे सगळं केलं, तो अजून मागे आहे, असं माझं मत आहे.

साधनाची मर्यादाही सांगायला हवी. मण्यांनी वजाबाकी करणारं मूल कागदावर पुन्हा पस्तीस लिहू शकतं. मणी आणि कागदावरचा अंक यांच्यामधला पूल आपोआप बांधला जात नाही, कुणीतरी तो बांधून द्यावा लागतो. मराठीत त्यात भर आकड्यांच्या नावांची. ‘बावन्न’ ऐकताना बा आधी, पन्नास नंतर, आणि लिहिताना पाच आधी, दोन नंतर. म्हणून २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात बावन्नला ‘पन्नास दोन’ असंही वाचण्याची सोय आली. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांची भूमिका लहान मुलाचा गोंधळ कमी व्हावा, अशी होती. जुनी नावं रद्द झालेली नव्हती. पण गहजब असा झाला की विषय विधिमंडळात पोचला. विनोद भरपूर झाले. मुलांना अडतं कुठं, यावर बोलणारे थोडे होते.

मूल स्वतः काय रचतं

स्वित्झर्लंडचा जाँ पियाजे मुलांना प्रश्न विचारी आणि चुकीच्या उत्तरांत रमून जाई. मूल म्हणजे अर्धवट भरलेला मोठा माणूस नव्हे. ते दर वयात जगाची स्वतःची अशी एक मांडणी करतं, आणि ती त्याच्यापुरती सुसंगत असते. नवा अनुभव त्या मांडणीत बसला नाही की मांडणी मोडते आणि नवी तयार होते. ज्ञान दिलं जात नाही, मूल ते रचतं, म्हणून ज्ञानरचनावाद. इथं पस्तीस ही मुलाच्या डोक्यात डोकावायची खिडकी ठरते. बाई विचारतात, ‘कसं केलंस, मला सांग.’ मग विचारतात, ‘तुझ्याकडे बावन्न रुपये होते, सत्तावीसची वही घेतली, किती उरतील?’ मूल म्हणतं, ‘तीस केले की तीन जास्त, तीसचे पन्नास वीस, वर दोन. पंचवीस.’ आता त्याच्यापुढे त्याचीच दोन उत्तरं आहेत आणि ती जुळत नाहीत. हा पेच मुलाला स्वतःला पडणं ज्ञानरचनावादी शिक्षकाच्या दृष्टीनं सोन्याचा क्षण.

पियाजेच्याच वर्षी, १८९६ मध्ये, रशियात लेव्ह व्हायगॉट्स्की जन्मला आणि क्षयानं सदतिसाव्या वर्षी गेला. त्यानं या चित्रात दुसरं माणूस आणलं. मुलाला आज एकट्याला काय येतं आणि कुणाच्या मदतीनं काय जमतं, यांच्यामध्ये एक पट्टा असतो, खरं शिकणं तिथं होतं. गावाकडे विहिरीत पोहायला शिकवताना पाठीला वाळका भोपळा बांधतात आणि काका कमरेखाली हात धरतात. भोपळा बांधून विहिरीबाहेर बसवलं तर मूल पोहायला शिकत नाही, भोपळ्याशिवाय ढकललं तर बुडतं. आणि शेवटी भोपळा सोडावाच लागतो. काकांचं कौशल्य हात केव्हा काढायचा हे ओळखण्यात आहे. वर्गात हा हात बाईंचा असतो, कधी बाकावर शेजारी बसलेल्या मित्राचा. म्हणून व्हायगॉट्स्कीच्या वर्गात मुलं गटात बसतात आणि बोलतात.

राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ नं हा विचार अधिकृत केला. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, आणि त्यासोबत सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. महाराष्ट्रात सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या जिल्हा परिषद शाळांनी ज्ञानरचनावाद वर्गात उतरवून दाखवला. मुलं जमिनीवर गटांत बसत, खडे-काड्यांनी संख्या मांडत, एकमेकांना शिकवत. राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या कुमठ्याकडे निघाल्या, आणि २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला.

पुढे काय झालं ते शाळांच्या फरशांवर दिसतं. गावोगावी ऑइलपेंटनं संख्यांचे चौकोन, अक्षरांची चक्रं, सापशिड्या रंगवल्या गेल्या. लोकवर्गणीही झाली. रंग पसरला त्या वेगानं ‘तू कसं केलंस’ हा प्रश्न पसरला नाही, कारण तो विचारायला वेळ लागतो आणि ऐकून घ्यायला त्याहून जास्त.

दुकान, टकळी आणि सावकाराची वही

आतापर्यंतच्या सगळ्यांनी एक गोष्ट गृहीत धरली, की बावन्नातून सत्तावीस वजा करायचेच आहेत. पण का करायचे?

जॉन ड्यूई हा प्रश्न विचारणारा. १८९६ मध्ये त्यानं शिकागोला प्रयोगशाळा म्हणून शाळा काढली. मुलं स्वयंपाक करत, विणत, सुतारकाम करत, आणि त्या कामात अडलं की मोजमाप, हिशेब, इतिहास शिकत. त्याच्या मते खरी अडचण आल्याशिवाय माणूस विचारच करत नाही. त्याच्या दृष्टीनं पस्तीस हे कुणाचंच काही न अडलेल्या उदाहरणाचं उत्तर आहे. मुलाच्या खिशातून दहा रुपये गेले असते तर त्यानं पुन्हा मोजले असते. हाच ड्यूई पुढे कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब आंबेडकरांचा शिक्षक होता, आणि बाबासाहेबांच्या लोकशाहीच्या मांडणीवर त्याची छाप आहे. लोकशाही आधी वर्गात जगावी लागते, हे ड्यूईचं सूत्र. आपल्या शाळांत अधूनमधून भरणारा बालबाजार, जिथं मुलं भाजी-भेळ विकतात, हा ड्यूईचा दूरचा नातेवाईक. वर्षातून एकदा, फोटोपुरता भरला तर फारच दूरचा.

ड्यूईच्या म्हणण्याला पुरावा ब्राझीलमधून आला. १९८५ मध्ये रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ-फळं विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गाडीवर गिऱ्हाइकाचा हिशेब करताना त्यांची ९८ टक्के उत्तरं बरोबर होती. तीच आकडेमोड कागदावर दिली तेव्हा ३७ टक्के. पाचच मुलं होती, म्हणून कुणी संशय घेईल. पण २०२५ मध्ये कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांतल्या मुलांवरचं मोठं संशोधन ‘नेचर’मध्ये आलं आणि तेच दिसलं. शिवाय उलट बाजूही दिसली: शाळेत कागदावर तरबेज असलेली मुलं बाजारातल्या हिशेबात अडखळली. म्हणजे एका जागचं शिकणं दुसऱ्या जागी आपसूक जात नाही.

गांधीजींनी ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद बोलावली. झाकिर हुसेन यांच्या समितीनं नई तालीमची योजना आखली आणि सेवाग्रामला ती चालली. इथं काम हा शिकण्याचा मध्य होता. टकळीवर सूत कातायचं, तार मोजायचे, लडीचं वजन करायचं, काल किती झालं आणि आज किती कमी पडलं ते काढायचं. कामातून विषय उलगडत नेण्याच्या या रीतीला समवाय म्हणत. गांधीजींची आणखी एक अपेक्षा होती, की मुलांच्या सुतातून शाळेचा, म्हणजे शिक्षकाच्या पगाराचा, खर्च निघावा. त्यावर परिषदेतच अर्थतज्ज्ञ के. टी. शाह यांनी आक्षेप घेतला. तो आक्षेप मला आजही बिनतोड वाटतो: उत्पन्न हवं असलं की शाळेचा कारखाना व्हायला वेळ लागत नाही. योजना मात्र पडली ती दुसऱ्याच कारणानं. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हातानंच काम होतं त्यांना मुलासाठी टकळी नको होती, इंग्रजी हवं होतं.

यातलं राजकारण जोतीराव फुल्यांना पन्नास वर्षं आधी दिसलं होतं. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं करण्याची मागणी केली. अभ्यासक्रमात मोडी आणि बालबोध वाचन-लेखन, हिशेब, शेतीची प्राथमिक माहिती, आरोग्य हवं असं सांगितलं. हिशेब कशासाठी, हे वेगळं सांगायला नको. ज्याला वजाबाकी येत नाही त्याला सावकाराच्या वहीतलं पस्तीस पटवून देता येतं. जवळपास शतकानंतर ब्राझीलच्या पाउलो फ्रेरेनं हाच धागा सिद्धांतात मांडला. शिक्षक मुलाच्या डोक्यात माहितीच्या ठेवी टाकतो आणि परीक्षेत काढून घेतो, ही रीत गुलाम घडवते. त्याऐवजी शिकणाऱ्याच्या आयुष्यातलाच प्रश्न मध्ये ठेवून दोघांनी मिळून त्यावर बोलावं. फ्रेरे वजाबाकी शिकवण्याआधी विचारेल, बावन्न कुणाचे आणि सत्तावीस कुणी नेले?

ए. एस. नीलनं १९२१ मध्ये सुरू केलेली, आता इंग्लंडमध्ये असलेली समरहिल शाळाही आहे. तिथं तासाला बसणं ऐच्छिक. मुलाला वजाबाकी नको असेल तर नको. नीलवर श्रद्धा असणारे खूप, आपलं मूल तिथं घालणारे थोडे.

चौकट: पस्तीस म्हणजे काय?

हर्बार्ट: मागची कडी सुटली आहे. मागे चला.
स्किनर: चुकीची सवय. पायरी लहान करा, उत्तर लगेच कळू द्या.
मॉन्टेसरी, ताराबाई: हाताला काम कमी पडलं. साधन द्या आणि बाजूला व्हा.
पियाजे: मुलाचा स्वतःचा नियम. तो ऐकून घ्या, मग पेचात टाका.
व्हायगॉट्स्की: एकट्याला न जमणारं काम. हात द्या, मग काढून घ्या.
ड्यूई, गांधी: गरज नसलेलं उदाहरण. काम द्या.
फुले, फ्रेरे: हिशेब कुणाच्या सोयीचा आहे ते आधी विचारा.

मग बरोबर कोण?

१९६८ पासून अमेरिकेत गरीब वस्त्यांतल्या शाळांत ‘फॉलो थ्रू’ नावाचा प्रचंड प्रकल्प चालला. डझनाहून अधिक पद्धतींची तुलना झाली. १९७७ च्या मूल्यमापनात मूलभूत वाचन-गणितात झीगफ्रीड एंगेलमन यांची पद्धत पुढे होती. ती मुलाला थेट, छोट्या पायऱ्यांनी, शिक्षकाच्या तोंडची वाक्यंसुद्धा ठरवून देऊन शिकवते. मुलाच्या कलानं जाणाऱ्या पद्धती मागे राहिल्या. मूल्यमापनाच्या रीतीवर मोठा वाद झाला, तो अजून मिटलेला नाही. पण पुढे ऑस्ट्रेलियात जॉन स्वेलर यांच्या प्रयोगांतही तसंच दिसलं. विषय अगदी नवा असताना सोडवून दाखवलेली उदाहरणं अभ्यासणारी मुलं स्वतः चाचपडणाऱ्यांपेक्षा लवकर शिकतात. कारण वर सांगितलेलंच: डोक्यातली पुढची खोली लहान आहे. जसजसं येऊ लागतं तसतसा हा फायदा मात्र कमी होतो आणि शेवटी उलटतो. ज्याला येतं त्याला पायरी-पायरीचं स्पष्टीकरण कंटाळा आणतं. दुसरीकडे मनू कपूर यांच्या प्रयोगांत, आधी मुलांना झगडू दिलं, चुकू दिलं आणि मग नीट शिकवलं, तर संकल्पना जास्त खोल उतरली. झगडणं आणि शिकवणं दोन्ही हवं, क्रम विषयावर आणि मुलाच्या तयारीवर.

माझं मत विचाराल तर प्राथमिक शाळेत ‘वाद’ निवडणं हाच चुकीचा प्रश्न आहे. दशक सोडणं म्हणजे काय, हे मण्यांनी आणि शिंपल्यांनीच कळतं. बारा वजा सात चटकन येणं सरावानंच होतं. कागदावरची रीत थेट दाखवणं यात पाप नाही. पस्तीस आलं की विचारल्याशिवाय कारण कळत नाही. आणि ही सगळी खटपट कशासाठी, हे ठरवायला ड्यूई-गांधी-फुले लागतातच, कारण ते कुठल्याही प्रयोगातून निघत नाही. शाळेनं बाजारात टिकणारं मूल घडवायचं, की सावकाराची वही तपासणारं, की स्वतःच्या मर्जीनं जगणारं? हे समाजानं ठरवायचं असतं. संशोधन फार तर सांगेल, की ठरवलं तिथं पोचलात की नाही.

एका गोष्टीचा पुरावा मात्र भक्कम आहे. ‘प्रथम’ ही मुंबईत १९९५ मध्ये सुरू झालेली संस्था. तिच्या मुंबई आणि वडोदऱ्यातल्या ‘बालसखी’ कार्यक्रमात मागे पडलेल्या मुलांना वर्गातून वेगळं काढून, त्यांना जिथपर्यंत येतं तिथून शिकवलं गेलं. ती मुलं स्पष्टपणे पुढे सरकली. शिकवणाऱ्या तरुण मुली वस्तीतल्याच होत्या, कुठल्या तत्त्वज्ञानाच्या पदवीधर नव्हत्या. चौथीतल्या मुलाला चौथीचं पुस्तक पुरं करण्यापेक्षा त्याची दुसरीची वजाबाकी दुरुस्त करणं, एवढंच त्यांनी केलं.

वेळेचा हिशेब

या सगळ्या पद्धतींची किंमत एकाच नाण्यात मोजावी लागते, शिक्षकाच्या वेळेत. स्किनरला लगेच उत्तर हवं, पियाजेला ऐकणारे कान, व्हायगॉट्स्कीला कमरेखाली हात. आता कायदा काय म्हणतो पाहा. पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. म्हणजे पाच इयत्ता, दोन माणसं. त्यातला एक निवडणुकीच्या कामाला, जनगणनेला किंवा प्रशिक्षणाला गेला की एक माणूस, पाच इयत्ता आणि साठ पाट्या. अशा वर्गात फुली मारणं हीच शक्य असलेली पद्धत उरते, बाईंचं तत्त्वज्ञान काहीही असो.

शिक्षण हक्क कायद्यानं अनुदानित आणि सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. तुम्ही त्या समितीवर असाल तर पुढच्या बैठकीत भिंती रंगवण्याच्या ठरावाआधी मंजूर पदं किती, भरलेली किती आणि गेल्या महिन्यात शिक्षक किती दिवस वर्गाबाहेर होते, हे तीन आकडे विचारा आणि इतिवृत्तात लिहून घ्या.